कचरूची पाठवणी

शेवगावात कचरूच्या तबकडीचा विषय निघाला की लोक हसतात आणि माझं टाळकं सरकतं. लाऊडस्पीकर माझा होता. पहिल्या शिव्या मीच खाल्ल्या.

कचरू बँडवाला, क्लॅरिनेट वाजवायचा. वीस वर्षं नवरदेवापुढं सिनेमाची गाणी वाजवून विटला होता. म्हणायचा, "गोरक्ष, आपलं सोताचं कायतरी पायजे. लोकांनी बसून शेवटपोत्तर ऐकावं आसं." एकाहत्तरच्या पावसाळ्यात, लग्नं बंद असताना, त्यानं हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचा अख्खा दिवस नुसत्या वाद्यांत बसवला. तबकडीच्या दोन्ही बाजू भरतील एवढा, आणि एकही चाल उसनी नाही. मी तालमी ऐकल्यात. माणूस येडा नव्हता.

दिवाळीनंतर बँडचे नऊ जण मुंबईला गेले. एका छोट्या कंपनीनं एक दुपार दिली. मधोमध माईक, भोवती उभं राहून वाजवायचं, पाय हलवायचे नाहीत. पहिली बाजू झकास झाली. दुसऱ्या बाजूला पाठवणी आली आणि कचरू डोळे मिटून सवयीनं चालायलाच लागला. मागं आठ जण! भिंतीपर्यंत गेले, वळून परत आले. पुन्हा वाजवायला वेळ उरला नव्हता. कंपनीनं तेच छापलं.

बाजाराच्या दिवशी मी तबकडी लावली. पाठवणीला आवाज बारीक होत गेला तसे लोक ओरडले, "आरं, मशीन बिघाडलं तुजं!" मी तारा तपासल्या, सुई बदलली. पुन्हा तेच. "काढ ती! शिनेमाचं लाव!" कचरू समोरच उभा होता आणि मी तबकडी काढली. त्याची मला अजून लाज वाटते.

मग एका संध्याकाळी बॅटरीवरचं मशीन घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भागिरथी भाकरी थापत होती. हळद झाली, पंगत झाली, ती थापतच होती. पाठवणीला आवाज लांब गेला तेव्हा तिचा हात थांबला.

"तुमी आसंच जाता," ती कचरूला म्हणाली. "दर लगीनसराईला मला घरात आसंच ऐकू येतं. गावाच्या येशीपोत्तर."

कचरू भडकला. "झालं! माजी चूक तेवढी आवाडली व्हय? बाकी समदा दिवस मातीत!" आणि तरातरा निघून गेला.

तबकडीतला बँड वळून परत आला. भागिरथी तव्यावरची भाकरी विसरून शेवटपर्यंत ऐकत बसली. ते बघायला कचरू घरात नव्हता.