उसण्याची पाठ

लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबली नाही की सगळे ज्याला कॅसेट म्हणत त्या मेकॅनिकला चैन पडत नसे. बोटभर वर नाहीतर बोटभर खाली थांबली, तर बाकीची माणसं पाय उचलून बाहेर पडतात आणि आपापल्या कामाला लागतात. हा मात्र गुडघे टेकून उंबऱ्याला डोळा लावणार आणि म्हणणार, "अजून केसभर खाली आहे."

"अरे, यातून माणसं उतरणारेत, मुंग्या नाही," त्याचा जोडीदार एकदा म्हणाला.

कॅसेट पाना उचलून पुन्हा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. जोडीदार खाली शिव्या घालत बसला.

असा हा लिफ्टचा मेकॅनिक राहायचा मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि बायकोचं शिलाई मशीन. पँट आखूड कर, कंबर सैल कर, असली कामं ती घरी घ्यायची. बाहेरच्या खोलीत दोघांची झोपायची जागा, आणि उरलेल्या भिंतींवर छतापर्यंत त्याचं भांडार.

जुने व्हिडिओ गेम जमवायचा त्याला नाद होता. जाड प्लास्टिकची कॅसेट वरून खुपसायची आणि लाल दिवा लागला की खेळायचं, ते गेम. एकदा कामावर त्याच्या जेवणाच्या पिशवीतून डब्याऐवजी तसली कॅसेट निघाली आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. रद्दीच्या दुकानात, घर रिकामं करणाऱ्यांच्या दारात, कुणाच्या माळ्यावर, जिथे मिळेल तिथून तो यंत्रं आणायचा. उघडायचा, ब्रशने धूळ काढायचा, सुटलेल्या तारा डाख देऊन जोडायचा, पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध चोपडून उन्हात ठेवायचा. पांढरं झालं की फळीवर, तोंड पुढे करून, ओळीत. ओळसुद्धा अशी की दोरी लावून बघावी.

"फोनवर हे सगळे गेम फुकट मिळतात की," असं कुणी म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची.

"फोनवर माणूस एकटा खेळतो," तो म्हणायचा. "पूर्वी घरात टीव्ही एक आणि बघणारे सहा. भांडण व्हायचं, पण सगळे एका खोलीत बसून व्हायचं. आता ज्याची त्याची काच ज्याच्या त्याच्या हातात. घरात माणसं आहेत का नाहीत, तेही कळत नाही."

बोलणं खरं होतं. पण बायकोला त्यातली मेख ठाऊक होती. झाडताना ती बघायची: प्रत्येक यंत्राला दोन कंट्रोलर. पहिल्याच्या बटणांवरची अक्षरं पुसट झालेली, वायर पीळ पडलेली. दुसरा मात्र कोरा करकरीत, वायरची गुंडाळी तशीच. भिंतभर यंत्रं होती, आणि दुसरा खेळाडू एकाही यंत्राला नव्हता.

या सगळ्याच्या मधोमध टेबलावर टीव्ही. मोठ्या पिक्चर ट्यूबचा, मागे पोट सुटलेला, दोघांनी उचलावा असा. वडिलांनी घेतलेला. आई गेल्यावर घर रिकामं केलं तेव्हा थोरल्या भावाने कपाट नेलं आणि म्हणाला, "ते धूड तुला घे. चल, वर चढवून देतो." चार मजले दोघांनी चढवला. काचेकडची बाजू जड असते, ती दादाने छातीशी धरली होती आणि प्रत्येक वळणावर विचारत होता, "तुला जड होतंय का रे?"

दादा एका कारखान्याची बस चालवायचा. लहानपणी पहिला कंट्रोलर कायम त्याच्या हातात. तेव्हा दोघं त्याला रिमोट म्हणायचे. धाकट्याने शेजारी मांडी घालून बसायचं आणि दादाचा माणूस मरायची वाट बघायची. "मेलास, आता दे." "थांब, अजून एक जीव आहे." संध्याकाळ यात जायची. गेमही ठरलेला: हातात कंदील घेऊन एक माणूस खाणीतून पळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, वरून दगड पडतात ते चुकवतो. त्या माणसाला दोघांनी नाव ठेवलं होतं उसण्या. का ठेवलं होतं, ते कॅसेटच्या आता ध्यानात नव्हतं. एकदाच दादा शेवटच्या खाणीच्या दारापर्यंत पोचला होता आणि नेमकी वीज गेली. दाराबाहेर काय आहे ते दोघांनी कधी बघितलंच नाही. पुढे कॅसेटला ते सहज शोधून बघता आलं असतं, पण त्याने बघितलं नाही. दादाशिवाय बघायचं नव्हतं.

मग दादाची बस एका भिंतीला घासली. महिन्याभरात दुसरी भिंत. दादा म्हणाला, आरसा हलला असेल. आरसा जागेवर होता. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू आहे आणि फार उशिरा आलात. दोन्ही कडांनी नजर गेलेली, मधलं तेवढं शिल्लक. थेंब घालायचे, पण गेलं ते परत यायचं नाही आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. कारखान्याने दादाला घरी बसवलं.

कॅसेट भेटायला गेला तेव्हा दादा खिडकीशी बसला होता. कप उचलायला हात पुढे केला तो बशीवर आपटला.

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं," दादा म्हणाला. "तुझं नाक दिसतंय. कान दिसत नाहीत. एका अर्थी बरंच आहे."

"गप रे."

"ते धूड चालू आहे का अजून?"

"आहे की."

"मग एकदा खेळू. आहेत डोळे तोवर. त्या दाराबाहेर काय आहे ते बघून टाकू."

"बोलावतो," कॅसेट म्हणाला. "टीव्ही जरा नीट करतो आणि लगेच बोलावतो."

घरी येऊन त्याने टीव्हीची पाठ उघडली, आणि तिथेच सगळं चुकत गेलं.

टीव्ही चालू होता. त्याच दिवशी बोलावलं असतं तरी चाललं असतं. पण दादाला आता फक्त मधलं दिसतं, मग जे दिसतं ते उत्तमच दिसलं पाहिजे, असं याच्या डोक्याने घेतलं. आधी आतले जुने भाग बदलले. रंग उठून आले, तसा कोपऱ्यातला हिरवट डाग डोळ्यात भरला. डाग काढण्यात पंधरवडा गेला. डाग गेला तशी डावी कड खुपायला लागली. या टीव्हीत ती खोट पहिल्या दिवसापासून होती: डाव्या अंगाला चित्र आत वाकायचं. वडील तेव्हा दुकानात परत द्यायला निघाले होते. आई म्हणाली होती, बातम्या काही वाकड्या होणार नाहीत, राहू द्या. ती राहिली ती राहिलीच. कॅसेटने मनाशी घेतलं, एवढ्या वर्षांची ही खोट काढायची आणि दादाला एकदा तरी सरळ चित्र दाखवायचं.

उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीचं चित्र पडद्यावर लावायचं, मागे हात घालून ट्यूबच्या मानेपाशी लोहचुंबकाची बारीक पट्टी चिकटवायची, पुढे येऊन बघायचं, परत मागे जायचं. एक रेघ सरळ झाली की शेजारची बिघडायची. कामावरून आला की तो टीव्हीच्या मागे, आणि बायकोला नुसते पाय दिसायचे.

"अहो, भावजींना बोलवा आता," ती म्हणाली.

"थोडं राहिलंय."

"थोडं म्हणजे काय?"

"डावी कड. दोन रेघा."

तिने दातात धरलेला दोरा तोडला. "गिऱ्हाईक पँट घालून चालतं. टेबलावर पसरून फूटपट्टी लावत नाही. माझ्या शिवणी मलाच दिसतात, त्याला नाही."

"तुझं वेगळं, माझं वेगळं."

"वेगळं कसलं. त्यांना कडाच दिसत नाहीत म्हणता आणि कडच नीट करत बसलाय."

टीव्हीच्या मागचे पाय आणखी आत सरकले. ती बरोबर बोलली की तो असंच कामात डोकं घालायचा, आणि करत होता ते करतच राहायचा.

मध्ये वहिनीचा फोन आला. "भावजी, हे विचारत होते, रविवारी येऊ का?"

"वहिनी, पुढच्या रविवारी. आता सगळं उघडून ठेवलंय."

पुढच्या रविवारीही सगळं उघडंच होतं. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही. दादा मानी माणूस होता. एकदा स्वतः विचारलं, एकदा बायकोकरवी विचारलं, झालं त्याचं. उलट याला वाटलं, फोन नाही म्हणजे घाई नाही.

अखेर एका सकाळी रेघ सरळ झाली. त्याने फूटपट्टी लावली, दोरी लावली, एक डोळा मिटून बघितलं. वरपासून खालपर्यंत ओळंब्यात. शेजारच्या रेघाही जागेवर. बायको बाजारात गेली होती. दाखवायला घरात कुणी नव्हतं. त्याने तिथूनच दादाला फोन लावला.

वहिनीने उचलला.

"वहिनी, झाला टीव्ही. आजच या दोघं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हे परवा सकाळी उठले," वहिनी म्हणाली, "आणि मला म्हणाले, खिडकी का लावून ठेवलीस. खिडकी उघडीच होती, भावजी. मी तुम्हाला फोन करणार होते, पण हे नको म्हणाले. त्याचं काम चाललंय, म्हणाले, त्याला घाबरवू नकोस."

कॅसेट जमिनीवर बसला. समोर पडद्यावर जाळी होती, एकेक चौकोन एकसारखा.

तरी पण रविवारी दादा आला. वहिनीने आणला आणि चार मजले तो कठड्याला धरून चढला. प्रत्येक वळणावर कॅसेट त्याच्या मागे होता आणि काय विचारावं ते त्याला सुचत नव्हतं. टीव्हीसमोर आल्यावर दादाने हात पुढे करून काच चाचपली. चालू ट्यूबच्या काचेला हात नेला की अंगावरचे केस ओढल्यासारखे उभे राहतात. लहानपणी दोघं तेवढ्यासाठी दंड काचेला लावून उभे राहायचे.

"अजून ओढतो," दादा म्हणाला आणि मांडी घालून बसला.

कॅसेटने त्याच्या हातात पहिला कंट्रोलर दिला. दादाने बोटं फिरवून बटणं ओळखली. गेमचं संगीत सुरू झालं. पहिला खड्डा त्याने नुसत्या आवाजावर ओलांडला. दुसराही ओलांडला. वहिनी आतल्या दारात बायकोशेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. तिसऱ्या खड्ड्यात उसण्या पडला. पुन्हा तिथेच पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा दादाने कंट्रोलर बाजूला धरला.

"मेलो. घे तू."

एवढ्या वर्षांत त्याने मागितल्याशिवाय कधी दिला नव्हता. कॅसेट खेळायला लागला. दादा ऐकत होता आणि मधेमधे सांगत होता, "आता दगड येईल. थांब. आता पळ." कॅसेटला पडद्यावरचं धड दिसेना. चौथ्या खाणीत त्याचा शेवटचा जीव गेला. ते दार पुष्कळ लांब होतं. खेळण्यात त्याचा हात कधीच चांगला नव्हता. हात चांगला दादाचा.

"राहू दे," दादा म्हणाला. "पुन्हा सुरू कर, नुसता. खेळू नकोस. एक सांग मला. उसण्या अजून वाकतो का रे?"

"वाकतो म्हणजे?"

"विसरलास? डाव्या कडेला नेला की कमरेत वाकायचा, उसण भरल्यासारखा. म्हणून तर उसण्या. तू हसून हसून लोळायचास. मी मुद्दाम त्याला कडेला न्यायचो, तुला हसवायला, आणि तेवढ्यात मरायचो. आई म्हणायची, एक मरतो आणि दुसरा हसतो, काय पोरं आहेत." दादा थांबला. "खाणीबिणीतलं मला काही आठवत नाही बघ. तेवढंच डोळ्यांसमोर येतं. ने ना त्याला कडेला."

कॅसेटने बटण दाबून धरलं. हातात कंदील घेतलेला तो माणूस डाव्या कडेला गेला आणि काठीसारखा ताठ उभा राहिला.

दारातून बायको पडदा बघत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"वाकला का?" दादाने विचारलं.

"वाकला," कॅसेट म्हणाला.

"कमरेत?"

"हो. कमरेत."

दादा हसला. एकदाच, नाकातून. मग चहा आला, आणि अंधार पडायच्या आत जिना उतरू म्हणून दादा-वहिनी लवकर निघाले. खरं तर दादाला आता त्याने काही फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर जोडीदाराने बघितलं, लिफ्ट अंगठाभर खाली थांबली आणि कॅसेट काहीही न बोलता पाय उचलून बाहेर पडला. जोडीदाराला ते बरं वाटलं नाही. त्याने स्वतःच पाना मागितला.

घरी आल्यावर कॅसेटने टीव्ही पुन्हा उघडला. चुंबकाच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि पुढे येऊन बघितलं. चित्र वाकलं होतं, पण वरच्या कोपऱ्यात, भलतंच. उसण्याला कडेला नेला तर त्याचं नुसतं डोकं तिरकं होत होतं. कंबर सरळच. आतले भाग बदललेले, जुने कधीच कचऱ्यात गेलेले. ती पहिली खोट कुठून यायची, ते त्याला कधी शोधावं लागलं नव्हतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कुणाची तरी पँट होती.

"आता काय बिघडलं?"

"काही नाही," टीव्हीच्या मागून तो म्हणाला. "वाकडं करतोय."

"कुणासाठी?"

मागे पट्टी चिकटवल्याचा आवाज आला. मग तो पुढे आला, बघितलं, आणि परत मागे गेला.