पडदा ओढून विचारा

माझी आत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. ती निवृत्त झाली, तिचा दरारा झाला नाही. पोटातल्या वाऱ्याचा विषय तिच्यापुढे काढायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. आणि नशिबाने तिच्या वाट्याला नेमका मोठ्या आतड्याचाच आजार आला.

गाठ निघाली, आतडं पुन्हा जोडलं गेलं. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. वारा सरला की जोडलेलं आतडं चालायला लागलं असं समजायचं आणि खायला द्यायचं. तोवर नुसतं सलाइन.

रोज सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा घेऊन यायचे. चालता चालता त्यांना विभागाची पुढच्या काही वर्षांची ध्येयं ऐकवायचे. रोबोटने ऑपरेशन, गाठ वाढायच्या आत पकडणारी तपासणी, पेशंट लवकरात लवकर घरी. आमची खाट आली की खणखणीत आवाजात विचारायचे, वारा सरला का? आत्या खिडकीकडे बघून म्हणायची, नाही.

शेवटी त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. पोट मऊ, ताप नाही, मग अडलंय कुठे? उद्या स्कॅन करू, गरज पडली तर पोट पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. आत्या पांढरीफटक पडली, पण पुन्हा खिडकीकडेच बघत राहिली.

दुपारी त्या लवाजम्यातली एक डॉक्टर एकटीच आली. तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि स्टुलावर बसली. शाळेत ती आत्याची विद्यार्थिनी होती. एकदा भर वर्गात कुणाचा तरी वारा सरला आणि ही फिदीफिदी हसली, म्हणून आत्याने तिला बाहेर उभं केलं होतं. ती गोष्ट दोघीही विसरल्या नव्हत्या, हे त्यांच्या तोंडांकडे बघूनच कळत होतं.

"बाई, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "मी नाही हसणार."

आत्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "परवापासून सरतोय," ती पुटपुटली. "इतक्या जणांत काय सांगायचं? त्यात तू."

मला हसावं की रडावं कळेना. जीव भांड्यात पडला होता, एवढं मात्र खरं. स्कॅन रद्द, पोट उघडणं रद्द, आणि संध्याकाळी आत्याला वाटीभर सूप. आम्हाला एवढा घोर लावला म्हणून मला तिचा असा राग आला होता की सूप भरवता भरवता मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तिने निमूट ऐकून घेतलं, जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले ते ओशाळं हसतच. विभागाच्या ध्येयांत एक वाढवलंय, म्हणाले. पोटाची चौकशी पडदा ओढून, एकट्यात. रोबोट यायला वेळ लागेल, हे मात्र आजपासून. त्यांनी पडद्याला हात घातला, तेवढ्यात आत्या उशीला टेकून ताठ बसली.

"राहू द्या. काल दोनदा, आज सकाळी एकदा," तिने शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मागे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती ओठ गच्च मिटून उभी होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हस आता," आत्या म्हणाली.