पुठ्ठ्याखालचं पहिलं पान

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत सुकदेवची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणायचं ते आपलं मानाचं. एक लाकडी टपरी, आत तारेवर टांगलेली कॉमिक्स आणि बाहेर एक डुगडुगणारं बाकडं. पुस्तक भाड्यानं न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचं. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे धुळ्यातली निम्मी पोरं आणि माझ्यासारखे बरेच घोडे त्या बाकड्यावर बसून वाचायचे.

सुकदेवला गर्व होता तो एकाच गोष्टीचा, त्याच्या बाइंडिंगचा. कॉमिक्स चार हातांतून फिरली की लक्तरं होतात. म्हणून तो तीन-चार अंक एकत्र शिवायचा, वर जाड पुठ्ठा लावायचा आणि कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या मैद्याच्या खळीनं घट्ट चिकटवायचा. वरच्या अंकाचं मुखपृष्ठ पुठ्ठ्याच्या बाहेरून आणि त्याच अंकाचं पहिलं पान पुठ्ठ्याला आतून, अस्तर म्हणून. चित्राची बाजू पुठ्ठ्याकडे. उघडलं की वाचणाऱ्याला थेट दुसरं पान दिसायचं. कोणी तक्रार केली नाही, कारण पहिल्या पानावर बहुतेक नुसतं नाव आणि एक पानभर चित्र असायचं. गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते, मग पहिलं पान वाया का घालवायचं, असा त्याचा हिशेब. एरवी हा माणूस चहाची भुकटीही दोनदा उकळायचा.

एका बाजाराच्या दिवशी शिंदखेड्याचा भिकन पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, बोटांना रंग, खांद्याला पिशवी. त्यानं विचारलं, "भाऊ, काळदरीना राक्षसनं कॉमिक शे का तुम्हनाजोगे?"

"शे ना!" सुकदेव ऐटीत म्हणाला आणि मांडणीकडे वळला. मागून भिकन सांगत होता. तरुणपणी तो मुंबईला एका लहानशा कंपनीत चित्रं काढायला होता. कंपनी थोडे अंक काढून बुडाली. बाकी कामात तो दुसऱ्याच्या रेघांवर शाई फिरवायचा. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच पान छापलं गेलं, या अंकाचं पहिलं. वर आभाळभर राक्षस आणि खाली अख्खा शिंदखेड्याचा बाजार. बाजाराच्या कोपऱ्यात मिरच्या विकणारी बाई आहे ती त्याची आई, धुरपदाबाई. त्याच्याजवळची प्रत वाळवीनं खाल्ली. आईचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता आणि दुसराही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मायनं ते कधी देखंच नही," भिकन म्हणाला. "आजूनबी म्हनस, मुंबईले काय माशा मारी ऱ्हायन्ता? तिनी नजर शे तवलोंग दखाडनं शे."

सुकदेवच्या हातात तो जाड बांधीव गठ्ठा आला होता. काळदरीचा राक्षस सगळ्यात वर. मुखपृष्ठ झकास म्हणून त्यानंच तो अंक वर घेतला होता. त्यानं पुठ्ठा उघडला आणि दुसरं पान समोर आलं.

तेव्हाच बोलला असता तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती. पण इतक्या वर्षांची हातोटी एका पाटीवाल्यासमोर चुकीची ठरेल, एवढ्याचीच त्याला लाज वाटली. त्यानं गठ्ठा बाकीच्यांच्या मागे सारला आणि म्हणाला, "अरे, ते तर चोपडाना तोताराम लई गया. आजून परत उनं नही." तोताराम जुनं गिऱ्हाईक. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, बदली होऊन चोपड्याला गेलेला. परत येण्याची शक्यता नाही म्हणून त्याचं नाव जिभेवर आलं.

मग भिकन दर बाजाराला यायचा. "सुकदेवभाऊ, उनं का ते?" "नही ना भाऊ." एवढं झालं की तो बाकड्यावर बसून तारेवरच्या सुट्या अंकांची पहिली पानं उलटायचा आणि आम्हाला दाखवायचा. चित्रकारांची नावं छापलेली नसायची, पण भिकन हात ओळखायचा. हा ब्रशवाला, धोतराची घडी एका फटकाऱ्यात मारतो. हा निबवाला, सावलीसुद्धा रेघारेघांनी विणतो. आणि याला पाय काढता येत नाहीत, म्हणून घोडा असो की राजा, सगळ्यांना धुळीत उभं करतो. आम्ही त्या चित्रकाराला धूळवाला म्हणायला लागलो. पहिलं पान म्हणजे दारातलं बोलावणं, भिकन म्हणायचा. तिथं माणूस थबकला पाहिजे, मग गोष्ट त्याला आत घेऊन जाते.

सुकदेव ऐकायचा. इतकी वर्षं कॉमिक्स भाड्यानं देऊन त्यानं एकाही पहिल्या पानावर नजर ठरवली नव्हती. आता ठरायला लागली. किल्ल्याच्या दगडांतून कोरून काढलेली नावाची अक्षरं, विजेच्या उजेडात अर्धाच दिसणारा चेहरा. त्याला ते आवडायला लागलं आणि जितकं आवडायला लागलं तितकं आपण काय झाकून ठेवलंय ते त्याला कळायला लागलं. मागे सारलेल्या गठ्ठ्याकडे तो पाठ करूनही बसू शकत नव्हता. बायकोवर विनाकारण खेकसायचा. गठ्ठे शिवणंच त्यानं बंद केलं. भिकनला चहा पाजायचा, भाडं घ्यायचा नाही आणि भिकन म्हणायचा, लई दिलदार मानूस शे. ते ऐकून सुकदेवला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो बोलला नाही. मला त्याचा आजही राग येतो.

पुढे भिकनला चोपड्याला केळीच्या व्यापाऱ्याची पाटी रंगवायचं काम मिळालं. तिथं त्यानं तोतारामला शोधून काढलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी भिकन येऊन बसला नाही तोच तोताराम एसटीतून उतरून घामाघूम टपरीशी आला. हातात गच्च भरलेली पिशवी.

"सुकदेवभाऊ, माफ करा," तो हात जोडून म्हणाला. "मला काही आठवत नाही, पण माझ्याकडूनच हरवलं असणार. घर बदलताना बायकोनं रद्दीत घातलं असेल. अख्खं घर पालथं घातलं, सापडलं नाही. ही माझी सगळी पुस्तकं ठेवून घ्या. या भाऊच्या आईचं ऐकलं, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही."

न केलेल्या चुकीसाठी तो माणूस रडकुंडीला आला होता. सुकदेव उठला. मागचा गठ्ठा काढून त्यानं भिकनच्या मांडीवर ठेवला.

"तोतारामभाऊनी काहीच नेलं नही," तो म्हणाला. "आठेच शे. पुठ्ठाले चिटकाडेल शे. मीच चिटकाडं. तुले पहिला दिनपासून खोटं सांगं."

भिकननं पुठ्ठा उघडला, कडेवरून बोट फिरवलं.

"खळ व्हती ना?" त्यानं विचारलं. "का सरस लावेल व्हता?"

"खळ."

"मंग पानी लाव."

शेजारच्या चहावाल्याकडून परात आणली. पुठ्ठा शिवणीतून सोडवून पाण्यात भिजत ठेवला आणि सगळे वाट बघत बसलो. खळ फुगली. भिकननं नखानं कोपरा उचलला आणि पान सरसर सुटत आलं. कुठं फाटलं नाही, कुठं पुसलं नाही. आभाळभर राक्षस, खाली बाजार, कोपऱ्यात मिरच्यांच्या ढिगाशी नाकेली बाई, हात वर करून भाव सांगणारी. राक्षसाकडे तिचं लक्षच नव्हतं. इतकं जिवंत पान मी त्या टपरीत दुसरं पाहिलं नाही. सुकदेव मात्र रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघत होता. पहिल्याच दिवशी एक परात पाणी पुरलं असतं.

भिकननं त्याला शिवी दिली नाही. पान वाळल्यावर पुठ्ठ्यात घालून म्हणाला, "चाल मनासंगे घर."

पुढचं सुकदेवनं मला नंतर सांगितलं. शिंदखेड्याच्या घरी ओट्यावर धुरपदाबाई बसल्या होत्या. भिकननं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी कागद चाचपला. नजर गेल्या अमावास्येच्या सुमारास गेली होती, हे भिकननं टपरीवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मी कोठे शे यामा?" त्यांनी विचारलं.

भिकननं त्यांचं बोट धरून कोपऱ्यापाशी नेलं. "आठे. मिरच्यासना ढीगजोगे."

"नाक कशे काढं?"

"शे तशेच, तुनामायकच."

म्हातारी हसली. "कोन उना तुनासंगे?"

"लायब्ररीवाला सुकदेव. यानीच पान दिनं."

"देव तुनं भलं करो, भाऊ."

सुकदेवला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तो खाली बसला. "अक्का, हाई पान मनी टपरीमाच पडेल व्हतं," तो म्हणाला. "तुम्हले दिखे तव्हयपासून."

धुरपदाबाईंचं बोट कागदावर थांबलं.

"मंग तव्हय काबर नही उना?" त्यांनी विचारलं.