रुपयावरची साय

गोदाक्का रुपया कधी सरळ धरत नसत. कडेला दोन बोटं, रुपया तिरपा, तोंड दाराच्या उजेडाकडे, आणि चूल फुंकताना होतात तसे बारीक केलेले डोळे. वाशी गावच्या आठवडी बाजारात घोंगड्या विकून झाल्या की त्या आमच्याकडे पाण्याला थांबायच्या. जन्म मेंढरांमागे गेलेला, सहीच्या जागी अंगठा, गळ्यात राणीछाप रुपयांची माळ. बाळांनो, या बाईंवर मी कित्येक वर्षं मनातल्या मनात जळत होते.

तुमच्या आजोबांना जुन्या चांदीच्या रुपयांचा नाद, आणि त्या रुपयांची वही माझी. कोणता किती झिजला, रंग कसा, चांगलेपणात कितवा, सगळं मी इंग्रजी पुस्तकं वाचून, भिंग लावून ठरवलेलं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला राणीछाप रुपया काळा पडला होता, म्हणून तो सहावा. माहेरचा असूनही त्याला झुकतं माप दिलं नाही, याचा मला कोण अभिमान!

आजोबांनी एकदा ताटात सगळे रुपये मांडून गोदाक्कांना दाखवले. त्यांनी नेमका तोच उचलला आणि आजोबांना म्हणाल्या,

"सर, ह्यो पयला."

"अहो, तो काळा पडलाय," मी म्हणाले.

"काळा न्हाय बाई, साय धरलीय त्यानं. राणीचा आदी गाल झिजतो, मग कानावरचं क्यास. माझ्या माळंतल्या राण्यांना तोंडच राह्यलं न्हाय, म्हनून मला ठावं. हिला फिरवून बगा. उजेड पाण्यावानी पळतोय, गालावर अडत न्हाय."

आजोबा हसले आणि माझ्याच लाल पेनाने त्यांनी वहीतल्या सहाचा एक केला. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना लाल शाई मी फक्त दुसऱ्यांच्या वहीत वापरली होती. त्यानंतर प्रत्येक नवा रुपया "गोदाक्का येऊ देत" म्हणून थांबायला लागला. बाजाराच्या दिवशी चहाच्या एका कपात साखर घालायला मी विसरायचे.

"बाई," गोदाक्का एक घोट घेऊन म्हणायच्या, "साखर लई म्हागली व्हय?"

मला एवढंच सिद्ध करायचं होतं की त्या काळ्या थराखाली झीज लपली आहे. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे पूजेचे रुपये चिंचेने, राखेने घासतातच. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. मोरीत बसून मी वडिलांचा रुपया घासला. काळं उतरलं आणि राणी वर आली. गाल भरलेला, केसांची बट न् बट शाबूत. गोदाक्का बरोबर होत्या. पण त्या भरल्या गालावर आता राखेचे बारीक ओरखडे होते, आणि रुपया कसाही फिरवला तरी उजेड पळत नव्हता.

आजोबांना तो चकचकीत रुपया फार आवडला. पुढच्या बाजारी त्यांनी कौतुकाने तो गोदाक्कांच्या हातात दिला. त्यांनी तिरपा धरला. मग माझ्याकडे पाहिलं.

"दिवाळीचा घासलाय, सर. कोन न्हाय घासत?"

एवढंच. आजोबा फोन घ्यायला आत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "परीक्षा माझी घ्यायची हुती, तर मला घासायचं. त्यो काय तुमचा वैरी हुता?"

मी खाली मान घालून विचारलं, "होईल का परत पहिल्यासारखा?"

"साय धरंल हळूहळू. वरखडं ऱ्हानारच."

त्या दिवशी त्यांच्या चहात मी दोन चमचे साखर घातली. कप ठेवताना त्या गालात हसल्या.

गेल्या वर्षी गोदाक्का गेल्या. त्या आठवड्यात मी वहीत त्या रुपयापुढे लिहिलं: 'पहिला होता. मत्सराने घासला. घासणारी मी.' आजोबांनी ते वाचलं आणि वही जागेवर ठेवली.

हा रुपया पुढे तुमच्याकडे येईल. त्याला पुसूसुद्धा नका.

परवा त्याच्या कडेला फिकट तपकिरी छटा दिसली. मी तो दाराशी नेला, तिरपा धरला, डोळे बारीक केले. ही साय की नुसता डाग, मला काही ठरवता येईना. आजोबांना दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "गोदाक्का असत्या, तर..."

आणि खरं सांगते बाळांनो, मला अजूनही राग आला.