पान फाडणाऱ्याची बहीण

दादा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि पहिल्याच महिन्यात मला सात पुस्तकं भेट मिळाली. दोन मावशीनं दिली, दोन आत्यानं, एक वर्गशिक्षिकेनं, उरलेली कुणाची ते आता आठवत नाही. सगळ्यांत गोष्ट एकच. सांगणारं एक लहान पोर, त्याचं भावंड मरतं, आणि मग ते पोर इतकं शहाण्यासारखं वागायला लागतं की मोठ्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. एक जण रोज गच्चीवर जाऊन ताऱ्याशी बोलतो. एक मुलगी झाड लावते. दुसरी पत्र लिहून फुग्याला बांधते. शेवटच्या पानावर सगळे रडता रडता हसतात, आणि त्याच्या मागे प्रकाशकाचा पत्ता असतो.

मरणाऱ्या भावंडाचं तर विचारूच नका. पुस्तकात मरणारा भाऊ कधी बहिणीचा खोडरबर पळवत नाही. तो तिला सायकल शिकवतो आणि पडल्यावर फुंकर घालतो. माझा दादा तेरा वर्षांचा होता. शाळेतून सायकलवर येताना वळणावर टेम्पोनं उडवलं त्याला. त्याआधी तो माझा हात पिरगाळायचा, माझ्या वहीत दाढीवाली माणसं काढायचा, आणि खिडकीजवळचा पलंग त्यानं दादागिरी करून मिळवला होता. तो पलंग आता मला मिळाला होता आणि मला तिथे छान झोप लागायची. डोळ्यातून टिपूस येईना. गच्चीवर जाऊन पाहिलं, ताऱ्याशी बोलायला काही सुचेना, डास मात्र चावले. माझं काळीजच दगडाचं आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'काय गुणी पोर होतं हो, अगदी देवमाणूस.' आई उठून पाणी आणायला आत जायची. ती दादाचं नावसुद्धा घेत नव्हती.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचं त्या शिक्काबाई. आमच्या शाळेच्या ग्रंथपाल. पुस्तकावर शिक्का असा हाणायच्या की शाईची डबी जागची हलायची. स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही त्यांनी शाळेचा शिक्का मारलाय अशी अफवा होती, आणि ती खरी होती, मी पाहिलाय. पुस्तक घेण्याआधी दोन्ही हात पुढे करून दाखवावे लागत. हेडसरांनाही. सव्वीस वर्षांत त्या कुणाशी गोड बोलल्याचं ऐकिवात नाही. शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि शिंपी म्हणायचा, बाई भाडं वेळेवर देतात पण जाता-येता माझी शिवण तपासतात.

चौथ्या महिन्यात शाळेनं दादाच्या आठवणींची सभा ठरवली. पाच मिनिटं मी बोलायचं. मी काय बोलणार कपाळ? सातही पुस्तकं पुढ्यात घेतली आणि भाषण जुळवलं. तारा घेतला, झाड घेतलं, फुगाही सोडला नाही. वर्गशिक्षिका वाचून ढसाढसा रडल्या आणि म्हणाल्या, हे टाइप करून घे. टाइप करायचा कॉम्प्युटर एकच, शिक्काबाईंच्या टेबलावर.

हात दाखवून मी कागद दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला.

"तारा हिरव्या पुस्तकातला, पान चौसष्ट. झाड त्या जाड्यातलं. फुग्याचं पुस्तक आपल्याकडे नाही, नाहीतर तेही सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "यात तुझा भाऊ कुठाय?"

"सगळीकडे आहे की बाई. तो देवमाणूस होता."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," शिक्काबाई म्हणाल्या. "तुझा भाऊ पानं फाडायचा. वाहनांचा कोश, पान एकशे बारा, इंजिनाचं रंगीत चित्र. विचारलं तर माझ्या तोंडावर म्हणाला, उंदरानं खाल्लं असेल. पट्टी लावून सरळ फाडलेलं पान, आणि म्हणे उंदीर."

चार महिन्यांत दादाबद्दल कुणी पहिल्यांदाच वाईट बोललं होतं. मला राग यायला हवा होता.

"पट्टी माझी होती," मी म्हणाले. "आणि ती त्यानं मोडली. वर आईला सांगितलं, हिनंच मोडली."

"शोभतं त्याला," शिक्काबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दाढीवाली माणसं सांगितली, पिरगाळलेला हात सांगितला. माझ्या पडलेल्या दुधाच्या दातासाठी त्यानं खोक्याची शवपेटी केली होती आणि शेजारची सगळी पोरं गोळा करून भाषण ठोकलं होतं, तेही सांगितलं. शिक्काबाई मध्येमध्ये 'नालायक' म्हणत होत्या. अर्धा तास आम्ही दोघींनी मिळून माझ्या मेलेल्या भावाची यथेच्छ निंदा केली. मी रडतेय हे मला कागद ओला झाल्यावर कळलं. शिक्काबाईंनी पाठीवरून हातबीत फिरवला नाही. शाईचा टिपकागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "टेबलावर सांडू नकोस."

मग नियम वाचून दाखवावेत त्याच आवाजात त्यांनी सांगितलं. "मी नऊ वर्षांची असताना माझी ताई गेली. घरादारानं तिचं गोडगोड कौतुक केलं, मीही त्यांची री ओढली. आता मला तिचं काय आठवतं? ती फार गुणी होती. एवढंच. एका पांघरुणात झोपायचो आम्ही, भांडलो नसू का? एक भांडण आठवत नाही मला. तिचा आवाज आठवत नाही." त्यांनी माझं भाषण चार तुकडे करून टोपलीत टाकलं. "तुझा अजून ताजा आहे. आहे तसा लिहून काढ, नाहीतर हे लोक त्याला पुसून टाकतील."

सभेला पहिल्या रांगेत आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर. शेजारी मावशी, रुमाल आधीच काढून तयार. मी माईकसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. "माझा दादा पुस्तकांची पानं फाडायचा. तो खोटारडा होता, आणि खोटं त्याला चांगलं जमायचंही नाही."

हेडसर खाकरले. वर्गशिक्षिका मला खुणा करायला लागल्या, बस, बस. मावशीनं रुमाल खाली घेतला आणि आईकडे बघितलं. पण दादा गेला तर गेला, तो पुसला जायला नको होता. मी पुढचं वाक्य वाचलं.

"खोटं बोलताना तो डावा कान चोळायचा."

"उजवा," आई म्हणाली.

मी थांबले. आई उभी राहिली होती.

"उजवा कान. डावा नाही," ती म्हणाली. "तेरा वर्षं बघतेय मी. डावा तो परीक्षेत चोळायचा." आणि ती सरळ स्टेजवर आली, माझ्यासमोरचा माईक ओढून घेतला आणि दादाचं नाव घेऊन बोलायला लागली. हेडसरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

घरी जाताना मी म्हटलं, डावाच होता. आई म्हणाली, उजवा. कुलूप उघडेपर्यंत आम्ही दोघी कानावरून कडकडून भांडलो. दादा गेल्यापासून आमच्या घरात कुणी भांडलंच नव्हतं.