नॉर्वेत अडकलेलं घोंगडं

अणदूरला आमच्या घरी हातमागावर घोंगडी विणतात माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. मी फोटो काढून ती ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक पुण्याचं, फार तर बेंगळुरूचं. एके दिवशी नॉर्वेहून एका बाईंची ऑर्डर आली, आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. परदेशी पार्सल कसं पाठवतात, ते पोस्टातल्या बाईंना विचारून विचारून शिकले. आत काय आहे, या रकान्यात मी लिहिलं : मेंढीची लोकर.

तिथंच चुकलं. तीन आठवड्यांनी तिकडच्या कस्टमचा मेल आला. कच्च्या लोकरीतून जनावरांचे रोग पसरतात, तेव्हा ही लोकर कशी तयार केली ते दहा दिवसांत कळवा, नाहीतर पार्सल नष्ट करू.

"नष्ट म्हंजी? जाळत्याल?" मामांनी विचारलं.

"तसंच दिसतंय, मामा."

त्यांनी धोटा बाजूला ठेवला. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "वही आण. काय इचारायलेत ते एकेक सांग."

मी मागापाशी बसले. लोकर कशी धुतली?

"कातरायच्या आदी मेंढरंच वढ्यात धुत्यात. मग लोकर पिंजायची, सूत कातायचं, इनायचं. वर चिंचोक्याची खळ द्यायची, आन् उनात वाळवायचं."

चिंचोके म्हणताच माझा हात थांबला. बी म्हटलं की कस्टमचे साहेब आणखी घाबरतील. "ते राहू द्यायचं का?"

"लपवायचं कशाला? शिजवलेल्या चिंचोक्याला कोंब फुटत्यात व्हय?"

मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत केलं. सुताच्या गुंडीपासून वाळत घातलेल्या घोंगड्यापर्यंत सगळ्याचे फोटो काढले, आणि आत कच्ची लोकर नाही, विणलेलं, वापरायला तयार घोंगडं आहे, असं वर स्पष्ट लिहून पाठवलं. मग दर तासाला मेल बघायचा चाळाच लागला.

नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. पार्सल सोडलं होतं. मी अंगणात धावतच गेले. "मामा, सोडलं!"

आठवडाभरात त्या बाईंनी फोटो धाडला. खिडकीबाहेर बर्फ, आणि बाईंच्या खांद्यावर आमचं घोंगडं. खाली लिहिलं होतं, अजून दोन हवीत, बहिणींसाठी. मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बर्फाकडं त्यांनी बघितलंच नाही. बोटानं घोंगड्याची कड तपासली.

"इतकी वर्सं इनायलो," ते म्हणाले, "पर कसं इनता म्हून कुणी इचारलं न्हवतं. लई झ्याक साहेब हाय त्यो."

मग ते खंडोबाला जाऊन आले. कपाळभर भंडारा, वाटेत भेटेल त्याला नॉर्वेची हकिकत सांगून घसा बसलेला. पाणी प्याले आणि सरळ मागावर बसले.