अंबादासनं जपलेली पत्रं

माझा दोस्त अंबादास, त्याला शेवटचा भेटलो तो बीडच्या दवाखान्यात. नाकात नळी होती, तरी मला जवळ बोलावून म्हणाला, "बापू, तू पुसलेली सुमीची पत्रं जित्ती हायेत." सुमी माझी लेक. मी म्हणालो, "कोणाला विचारून ठेवलीस बे?" आणि उठून आलो. आठ दिवसांत तो गेल्याचा निरोप आमच्या तेलगावला आला... त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं तेवढंच.

अंबादास माजलगावच्या धरणावर कारकून होता. निवृत्तीनंतर जुना कॉम्प्युटर घेऊन बसला. चित्र नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. आमच्याकडं इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून त्यानं एक सोय बसवली होती. इंटरनेटची लाइन आली की एका ओळीची आज्ञा मारायची. वरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, पेटीतली पत्रं घरच्या पेटीत उतरायची, इथं लिहिलेली वर जायची. मग लाइन जाईना का, निवांत वाचा. "मोबाइलवर कावून बघत न्हाईस?" म्हटलं, तर म्हणायचा, "त्याच्यात पत्र कमी अन् जाहिराती लई."

सुमी नर्स होऊन परदेशी गेली आणि तिकडंच मनानं लग्न केलं. मी तिचा फोन घेणं सोडलं. मग ती अंबादासच्या पत्त्यावर मला लिहायची. मी चौथी शिकलेला, पण वाचायचो. उत्तर दिलं नाही. एकदा तिनं लिहिलं, 'आबा, तुमचं चुकलं.' त्या दिवशी अंबादासच्या देखत मी तिचं एकेक पत्र पुसलं. पुसायचं बटण त्यानंच शिकवलं होतं. "आता आज्ञा मार," म्हणालो. इथलं पुसलं की वरचंही जातं, हे मला ठाऊक होतं. त्यानं मुकाट्यानं मारली. पण इथं काहीही पुसलं तरी वरच्याला हात लागू नये, अशी तजवीज त्यानं आधीच केलेली. चार वर्षं त्याबद्दल मला बोलला नाही. माझा राग त्याला माझ्याहून जास्त ओळखीचा होता.

तेरावा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, कौसावहिनींनी, त्याची वही पुढं केली. "भाऊजी, शेवटच्या पानावरची ओळ तुमच्यासाठी हाय म्हणले होते."

"मला काय करायची?"

"मग आलात कावून?"

इंग्रजी मला येत नाही. वहीत बघून एकेक अक्षर हुडकत त्याच्या कॉम्प्युटरवर ओळ मारली. पत्रं उतरायला लागली... सगळी. सगळ्यात वर एक नवं, अंबादासच्या नावाचं: 'काका, दोन महिने पत्र नाही. बरे आहात ना? आबांची खुशाली कोणाला विचारू?'

म्हणजे हा तिला माझी खुशाली कळवत होता. आणि तो गेल्याचं तिला कळवणारं कोणीच नव्हतं. वहिनींना लिहिता येत नाही.

अंबादासनं प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराखाली कागदाची चिकटपट्टी लावून आपल्या हातानं मराठी अक्षर काढलंय. त्याच्या अक्षरावर बोट ठेवत लिहिलं, 'सुमे, काका गेले. मी आबा लिहितोय. मी बरा आहे.' चूक कोणाची, ते लिहिलं नाही. ती आता थेट मलाच विचारील.

दर सोमवारी तिला लिहायला जातो. 'स' माझ्या बोटाखाली पार विरलाय. वहिनी म्हणाल्या, "नवी पट्टी लावा की." मी नको म्हणालो.